मेदाचे मोजमाप : देहाची घटना आणि आरोग्याचा धोका

धानाच्या हंगामात रायपूरच्या आसपासच्या खरेदी केंद्रांवर शेतकऱ्याचे पोते तराजूवर चढते. परंतु केवळ वजनावर व्यवहार पुरा होत नाही. मूठभर दाणे एका लहानशा यंत्रात घालून त्यांतील ओलावा पाहिला जातो. सरकारी खरेदीच्या नियमानुसार हा ओलावा १७ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. यामागील कारण उघड आहे. दोन पोत्यांचे वजन सारखे भरले, तरी दोहोंतील दाणा सारखा असेलच असे नाही. एकात पाण्याचा अंश अधिक असू शकतो. तराजू एकूण भार सांगतो, त्या भारात काय काय आहे हे सांगत नाही.

मानवी देहाविषयीही हेच खरे आहे. साठ किलो वजनाच्या दोन माणसांपैकी एकाच्या अंगी सहा किलो मेद असेल, तर दुसऱ्याच्या अंगी अठरा किलो. दोघांच्या आरोग्याचे भवितव्य एक नसते. मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा संबंध जितका वजनाशी आहे, त्याहून अधिक तो मेदाच्या प्रमाणाशी आणि तो मेद शरीरात कोठे साठला आहे याच्याशी आहे. उलटपक्षी, ज्याच्या अंगचे स्नायू झिजले आहेत अशा माणसाची रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. ‘धानाचा कटोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडात हे दोन्ही धोके आज शेजारी शेजारी नांदत आहेत. म्हणूनच देहाची घटना मोजण्याच्या निरनिराळ्या रीती, त्यांची तत्त्वे आणि त्यांच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

देहाचे दोन भाग

मोजमापाच्या सोयीसाठी शास्त्रज्ञ शरीराचे दोन भाग कल्पितात. पहिला भाग मेदाचा. दुसऱ्या भागात स्नायू, अस्थी, रक्त, यकृतादी इंद्रिये आणि पाणी या सर्वांचा समावेश होतो. त्याला मेदरहित भाग म्हणतात. हे दोन भाग गुणधर्मांनी अगदी भिन्न आहेत. मेद पाण्याहून हलका असतो. त्याच्या एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ०.९ ग्रॅम भरते. मेदरहित भाग पाण्याहून जड, म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे १.१ ग्रॅम असतो. मेदात पाणी जवळजवळ नसते, तर मेदरहित भागाचा सुमारे ७३ टक्के अंश पाण्याचाच असतो. मेद विजेचा मंद वाहक आहे; स्नायू व रक्त हे क्षारयुक्त पाण्यामुळे चांगले वाहक आहेत. घनता, पाणी आणि विद्युत्-वहन या तीन भेदांवर मोजमापाच्या बहुतेक रीती उभारलेल्या आहेत.

मेद हा शरीराचा शत्रू आहे अशी समजूत मात्र करून घेऊ नये. तो शक्तीचा साठा आहे. एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर तेवढ्याच पिष्टातून सुमारे ४. मेद उष्णता राखतो, इंद्रियांना आधार देतो आणि कित्येक संप्रेरके निर्माण करतो. स्त्रियांच्या शरीरात मेदाचे प्रमाण पुरुषांहून स्वभावतःच अधिक असते, व गर्भारपणी आणि अंगावर पाजताना तो साठा कामी येतो. मेद आहे की नाही हा येथे प्रश्नच नाही. तो किती आहे आणि कोठे आहे, हे पाहावयाचे असते.

उंची आणि वजन यांचा निर्देशांक

सर्वांत प्रचलित माप म्हणजे देहवस्तुमान निर्देशांक, ज्याला सामान्यतः ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या व ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक ६० भागिले २.५६, म्हणजे सुमारे २३.४ येतो. हा हिशेब बेल्जियममधील गणिती व संख्याशास्त्रज्ञ अदॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. त्यांचा हेतू रोगनिदानाचा नव्हता; ‘सरासरी मनुष्या’चे गुण शोधण्याच्या प्रयत्नात, पूर्ण वाढलेल्या माणसांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे त्यांना आढळले. आज प्रचलित असलेले नाव मात्र १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीझ यांनी दिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार १८.५ हून कमी निर्देशांक म्हणजे कृशता, २५ व त्याहून अधिक म्हणजे अतिवजन आणि ३० व त्याहून अधिक म्हणजे लठ्ठपणा होय. तथापि आशियाई लोकांत याहून कमी निर्देशांकावरही मधुमेहादी विकार दिसतात, हे ध्यानी घेऊन संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकसमूहांसाठी २३ व २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचविले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आणखी कडक मर्यादा घातली : २३ पासून अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा.

या निर्देशांकाचा मोठा गुण म्हणजे त्यास केवळ काटा आणि मोजपट्टी पुरते. त्याचा मोठा दोष म्हणजे मेद व स्नायू यांतील भेद त्याला कळत नाही. हा दोष फार पूर्वीच उघडकीस आला होता. अमेरिकन आरमारातील वैद्य अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४२ साली पंचवीस निष्णात फुटबॉलपटूंचे मोजमाप प्रसिद्ध केले. उंची-वजनाच्या तत्कालीन कोष्टकांनुसार त्यांपैकी सतरा जण अतिवजनामुळे सैन्यसेवेस अपात्र ठरत होते. परंतु देहाची घनता पाहता, त्या सतरांपैकी अकरा जणांच्या अंगी मेद अगदी थोडा होता. त्यांचे वजन स्नायूंचे होते. कोष्टकाने ज्यांना स्थूल ठरविले, ते वस्तुतः बलिष्ठ होते.

वृद्धापकाळी याच्या उलट घडते. वजनाचा काटा वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर स्थिर राहतो. परंतु आत स्नायू घटत जातात आणि त्यांची जागा मेद घेतो. निर्देशांक या बदलाची काहीच वर्दी देत नाही.

पाण्यात तोलण्याची रीत

बेन्के यांनी वापरलेली रीत आर्किमिडीजच्या सिद्धांतावर आधारलेली आहे. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके घटते, हा नियम शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. रायपूरच्या बुढा तलावात पोहणाऱ्या दोन मुलांकडे पाहिले तर या नियमाचा ढोबळ प्रत्यय येतो. अंगाने भरलेला मुलगा विशेष आयास न करता तरंगतो, तर सडपातळ व पिळदार मुलाला तरंगत राहण्यासाठी हातपाय मारावे लागतात. मेद पाण्याहून हलका आहे, याचाच हा परिणाम.

प्रयोगशाळेत व्यक्तीला प्रथम हवेत तोलतात. मग एका टाकीत काट्याला टांगलेल्या आसनावर बसवून, शक्य तितका श्वास बाहेर सोडण्यास सांगून, तिला पूर्णपणे पाण्यात बुडवितात व त्या स्थितीतील वजनाची नोंद घेतात. समजा, एका व्यक्तीचे वजन हवेत ६० किलो व सर्व दुरुस्त्या केल्यावर पाण्यात २.४ किलो भरले. म्हणजे तिने ५७.६ लिटर पाणी बाजूला सारले. तेच तिचे आकारमान. साठाला ५७.६ ने भागले असता घनता सुमारे १.०४२ येते. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम सिरी यांच्या सूत्रानुसार ४९५ ला घनतेने भागून त्यातून ४५० वजा केले की मेदाची टक्केवारी मिळते. या उदाहरणात ती सुमारे २५ येते. म्हणजे साठ किलोंपैकी पंधरा किलो मेद.

हिशेब सोपा असला तरी काम नाजूक आहे. श्वास कितीही सोडला तरी फुफ्फुसांत सुमारे एक लिटर किंवा थोडी अधिक हवा उरतेच. ती वेगळी मोजून वजा करावी लागते. या मोजणीत केवळ शंभर घन सेंटिमीटरची चूक झाली, तर वरील उदाहरणात मेदाच्या टक्केवारीत सुमारे ०.८ चा फरक पडतो. शिवाय लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांना पाण्यात बुडविणे शक्य नसते. यासाठी पुढे बंद कोठडीत व्यक्तीला बसवून तिने व्यापलेली हवेची जागा मोजण्याची रीत निघाली. त्यात बॉइलच्या नियमाचा आधार घेतला जातो. तत्त्व तेच, पाण्याची जागा हवेने घेतली एवढेच.

पाणी आणि वीज

दुसरी रीत शरीरातील पाणी मोजण्याची आहे. व्यक्तीला ड्यूटेरियमयुक्त, म्हणजे जड हायड्रोजन असलेले पाणी ठरावीक मात्रेत पाजतात. ड्यूटेरियम किरणोत्सर्गी नसल्याने गर्भवती स्त्रिया व बालके यांनाही या अल्प मात्रेपासून अपाय होत नाही. काही तासांत ते शरीरभर समप्रमाणात मिसळते. नंतर लाळेचा किंवा मूत्राचा नमुना घेऊन त्यात ड्यूटेरियम किती पातळ झाले आहे हे पाहतात. हंड्यातील पाणी न उपसता त्यात चिमूटभर रंग टाकावा व रंगाच्या फिकेपणावरून हंड्यात किती पाणी आहे हे ताडावे, तसाच हा प्रकार. शरीरात ३३ लिटर पाणी आढळले, तर ते मेदरहित भागाच्या ७३ टक्के असल्याने तो भाग सुमारे ४५ किलो ठरतो. एकूण वजनातून तो वजा करता उरतो तो मेद.

विजेवर आधारलेली रीत याहून सोपी आहे आणि तीच आज व्यायामशाळांतून व घरांतून दिसते. धातूच्या पट्ट्यांवर पाय ठेवले की यंत्र एक अत्यंत सौम्य विद्युत्प्रवाह शरीरातून सोडते व त्यास किती रोध होतो हे मोजते. पाणी अधिक असेल तर रोध कमी, मेद अधिक असेल तर रोध जास्त. धानाचा ओलावा विद्युत्-रोधावरून ठरविणाऱ्या यंत्राचे तत्त्वही हेच आहे. कोरडे दाणे विजेला अधिक अडवितात, ओले दाणे कमी.

परंतु येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. हे यंत्र मेद मोजीत नाही. ते रोध मोजते, आणि त्यावरून उंची, वय व लिंग यांच्या साह्याने मेदाचा अंदाज बांधते. वैशाखातील रणरणत्या उन्हात घाम गाळून आलेल्या माणसाच्या अंगातील पाणी घटलेले असते. यंत्र त्याचा अर्थ ‘मेद वाढला’ असा लावण्याचा संभव असतो. म्हणून अशी मापे नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी, जेवणापूर्वी व लघवीस जाऊन आल्यावर घ्यावीत. आणि एका दिवसाच्या आकड्याऐवजी अनेक आठवड्यांचा कल पाहावा. ज्यांच्या हृदयास विजेवर चालणारे साहाय्यक यंत्र बसविलेले आहे, त्यांनी हे माप घेऊ नये.

क्ष-किरणांची साक्ष

आजच्या मोठ्या रुग्णालयांत व संशोधन संस्थांत ‘डेक्सा’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे यंत्र वापरले जाते. त्यात दोन भिन्न शक्तींचे क्ष-किरण शरीरातून पार होतात. अस्थी, स्नायू व मेद हे या दोन किरणांना निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून तिन्ही घटकांचा वेगवेगळा हिशेब मांडता येतो. मूळ उद्देश हाडांचा ठिसूळपणा तपासण्याचा होता. मेद व स्नायू यांचे मोजमाप हा त्याचा नंतर मिळालेला लाभ. किरणांची मात्रा अल्प असली तरी गर्भवती स्त्रियांसाठी ही तपासणी टाळतात. पोटाच्या आतील मेद नेमका पाहावयाचा असल्यास संगणकीय क्ष-किरण चित्रण किंवा चुंबकीय अनुनाद चित्रण करावे लागते. ही साधने महाग व अवजड आहेत. गावोगाव नेऊन हजारो माणसांची तपासणी करण्यास ती उपयोगी नाहीत.

चिमटा आणि फीत

शरीरातील मेदाचा बराच मोठा भाग त्वचेखाली असतो. म्हणून दंडाच्या मागील बाजूची, पाठीवर खांद्याच्या हाडाखालची, अशा ठिकाणची त्वचा दोन बोटांनी उचलून तिच्या घडीची जाडी एका विशिष्ट चिमट्याने, म्हणजे कॅलिपरने, मोजतात. चिमट्याचा दाब दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतका ठरलेला असतो, म्हणजे मोजणारा बदलला तरी दाब बदलत नाही. ग्लासगो येथील डर्निन व वूमर्स्ली या शास्त्रज्ञांनी ४८१ स्त्रीपुरुषांना पाण्यात तोलून, त्यांच्या चार ठिकाणच्या घड्यांचा देहाच्या घनतेशी मेळ घातला आणि १९७४ साली त्याची कोष्टके प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जातात.

याहूनही साधे साधन म्हणजे फीत. दंडाच्या मध्यभागाचा घेर हे लहान मुलांच्या पोषणाचे उत्तम गमक आहे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. उपासमारीत मात्र दंडावरील स्नायू व मेद दोन्ही झिजतात. हा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास बालक तीव्र कुपोषित समजून तत्काळ उपचार करावे लागतात, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास त्याच्याकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. लाल, पिवळ्या व हिरव्या रंगांची फीत वापरून हे काम अक्षरओळख नसलेली माताही करू शकते.

घेर व घडी ही दोन्ही मापे एकत्र आणली की स्नायूंचाही अंदाज येतो. प्रौढ माणसाच्या दंडाचा घेर २४ सेंटिमीटर आणि मागील घडी १ सेंटिमीटर असेल, तर २४ मधून ३.१४ वजा करावेत. उरलेले सुमारे २०.९ सेंटिमीटर हा स्नायूचा घेर होय.

रायपूर येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले. तेथील मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी अशाच साध्या साधनांनी छत्तीसगडातील आदिवासी समाजांची पाहणी केली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेला कमार जमातीच्या मुलांच्या पोषणाचा अभ्यास हे त्याचे एक उदाहरण. कमारांची वस्ती मुख्यतः गरियाबंदच्या डोंगराळ भागात आहे. हा भाग २०१२ पर्यंत रायपूर जिल्ह्यातच मोडत असे. अशा मुलखात डेक्साचे यंत्र पोहोचणे शक्य नाही. फीत, चिमटा व काटा पोहोचतात.

मेद कोठे साठतो?

१९४७ साली फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झाँ व्हाग यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. मांड्या व नितंब यांवर साठणाऱ्या मेदापेक्षा धड व पोट यांवर साठणारा मेद मधुमेहादी विकारांशी अधिक निगडित असतो, असे त्यांना दिसून आले. पुढील संशोधनाने याला पुष्टी मिळाली. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठलेल्या मेदातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात. यकृतात मेद साचू लागला की इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. रक्तातील साखर आवरण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन निर्माण करावे लागते आणि काही वर्षांनी ते थकते. मधुमेहाची ही एक प्रमुख वाट आहे.

हा धोका ओळखण्यासाठी कंबरेचा घेर मोजतात. सर्वांत खालची बरगडी व कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, फीत जमिनीशी समांतर धरून, सहज श्वास सोडल्यावर हे माप घ्यावे. पोट आत ओढू नये. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा तज्ज्ञांनी ठरविली आहे. ज्यांना हे आकडे लक्षात ठेवणे अवघड वाटते त्यांच्यासाठी एक सुटसुटीत नियम आहे : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. एक सुतळी उंचीइतकी कापून तिची दुहेरी घडी घातली आणि ती कंबरेभोवती पुरली नाही, तर सावध व्हावे.

भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, कंबर व नितंब यांचे घेर प्रथमच मोजण्यात आले. २५ हा निर्देशांक धरता १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के अतिवजनाच्या आढळल्या. परंतु कंबर व नितंब यांचे गुणोत्तर पाहता ५६.७ टक्के स्त्रिया धोक्याच्या मर्यादेपलीकडे होत्या. काट्याने ज्यांना निर्दोष ठरविले, त्यांतील अनेकींविषयी फितीने इशारा दिला.

पुण्याची साक्ष

बाहेरून कृश दिसणाऱ्या भारतीय देहात मेद दडलेला असतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील एका दीर्घ अभ्यासाने जगापुढे आणली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांची पाहणी सुरू केली. तेथे पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या ६३१ अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील ३३८ अर्भकांशी करण्यात आली. पुण्याकडील अर्भकाचे सरासरी वजन २.७ किलो व इंग्लंडमधील अर्भकाचे ३.५ किलो भरले. पोटाचा घेर व दंडाचा घेर यांत भारतीय अर्भक फार मागे होते. परंतु पाठीवरील त्वचेच्या घडीत ते त्या मानाने थोडेच मागे होते. म्हणजे उदरातील इंद्रिये व स्नायू यांची वाढ खुंटली होती, मेद मात्र बराचसा राखला गेला होता. या देहरचनेला ‘कृश तरी मेदयुक्त’ असे वर्णन लागू पडते.

हीच गोष्ट प्रौढांत कशी दिसते, याचे उदाहरण डॉ. याज्ञिक यांनी स्वतःच्या देहावरून दिले. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता. मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. एकच निर्देशांक आणि दुपटीहून अधिक मेद!

या रचनेचे एक मूळ मातेच्या आहारात असावे, असे या अभ्यासातून सूचित होते. पाहणीतील सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्या मातांत फॉलेट अधिक व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनची परिणामकारकता कमी झाल्याची चिन्हे अधिक दिसली. मेदाचे मोजमाप अशा रीतीने पाळण्यापर्यंत, किंबहुना गर्भापर्यंत जाऊन पोहोचते.

छत्तीसगडातील दुसरी बाजू

पण केवळ मेदाधिक्याचीच चिंता करणे छत्तीसगडात अपुरे ठरेल. वर उल्लेखिलेल्या पाहणीत या राज्यातील सुमारे २३ टक्के स्त्रियांचा निर्देशांक १८.५ हून कमी आढळला, तर सुमारे १४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या होत्या.

कृशतेची किंमत किती भयंकर असू शकते, हे रायपूरच्या उत्तरेस बिलासपूरजवळील गनियारी येथे दिसून आले. तेथे जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांनी स्थापिलेली संस्था ग्रामीण व आदिवासी रुग्णांवर उपचार करते. डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील फुफ्फुसाच्या क्षयाने आजारी असलेल्या १,६९५ प्रौढ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदानाच्या वेळी पुरुष रुग्णांचे मध्यम वजन ४२.१ किलो आणि स्त्रियांचे ३४.१ किलो होते. निर्देशांक पुरुषांत १६ व स्त्रियांत १५ एवढाच भरला. अत्यंत कृश रुग्णांत मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता. येथे मेद तर संपलेलाच असतो. शरीर आपलेच स्नायू जाळून जगत असते, आणि रोगप्रतिकाराची यंत्रणा कोलमडते.

या नोंदींतून पुढचा प्रश्न निघाला : वजन वाढविले तर जीव वाचतात काय? झारखंडमध्ये केलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात क्षयरुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना धान्य, डाळ व इतर पोषक पदार्थ यांचा शिधा देण्यात आला. ज्या कुटुंबांतील निरोगी माणसांनाही वाढीव शिधा मिळाला, त्यांत क्षयाची नवी प्रकरणे ३९ टक्क्यांनी कमी झाली. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे केवळ दोन किलो. साध्या वजनकाट्याने दर महिन्यास घेतलेली नोंद येथे जीवनमरणाचा निर्णय करू शकते.

मापांच्या मर्यादा

या सर्व रीतींचा विचार करताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मेदरहित भागाची घनता १.१ आणि त्यातील पाणी ७३ टक्के, हे आकडे मूलतः विसाव्या शतकाच्या मध्यास काही मोजक्या मृतदेहांच्या व प्राण्यांच्या रासायनिक पृथक्करणावर आधारलेले आहेत. बालके, वृद्ध, गर्भवती व कुपोषित व्यक्ती यांत हे प्रमाण बदलते. ग्लासगोच्या नागरिकांवरून बनविलेले कोष्टक गरियाबंदच्या शेतमजुराला जसेच्या तसे लावले, तर उत्तर चुकण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक समाजासाठी सूत्रे तपासून घ्यावी लागतात.

त्याचप्रमाणे एकट्या कोणत्याही मापावर विसंबणे योग्य नाही. २०२५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका आयोगाने लठ्ठपणाची व्याख्या नव्याने मांडली. व्यक्तीचे निदान करताना केवळ देहवस्तुमान निर्देशांकावर न थांबता कंबरेचा घेर किंवा मेदाचे प्रत्यक्ष मोजमाप जोडावे आणि इंद्रियांच्या कार्यात बिघाड झाला आहे काय हे पाहावे, असे त्याने सुचविले. निर्देशांक निरुपयोगी ठरला असा याचा अर्थ नव्हे. लोकसमूहाची स्थिती जाणण्यास तो आजही उपयुक्त आहे; एका व्यक्तीविषयी निवाडा देण्यास मात्र तो अपुरा पडतो.

शाळा, आरोग्य केंद्रे व कुटुंबे यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. मुलांची उंची व वजन नियमितपणे नोंदवावे आणि एका आकड्यापेक्षा वाढीच्या रेषेकडे पाहावे. प्रौढांनी वजनाबरोबर कंबरही मोजावी. सडपातळ माणसाने आपण मधुमेहापासून सुरक्षित आहोत असे मानू नये. विशेषतः घराण्यात मधुमेह असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. वजन नकळत घटू लागले व खोकला दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तर विलंब न करता क्षयाची तपासणी करावी. किमती यंत्रांनी हे ज्ञान मिळवून दिले. पण त्याचा लाभ घेण्यासाठी एक काटा, एक मोजपट्टी, एक फीत आणि नोंद ठेवणारी वही एवढी सामग्री बहुतेक ठिकाणी पुरेशी आहे.